घेर कोणाच्या हातात? उपनगरी रंगभूमी आणि प्रकाशझोताचा आकार

१/
‘टेंभा मिरवणे’ हा वाक्प्रचार आज बढाईखोर माणसासाठी राखीव झाला आहे. मूळ टेंभा म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांची मशाल. वीज येण्यापूर्वी गावोगावच्या फडांत आणि खेळांत उजेड असे तो या टेंभ्यांचा नि पलित्यांचा, आणि तो कोणीतरी हातात धरलेला असे. मशालवाला नटाजवळ सरकला की चेहरा उजळे आणि भोवताल काळोखात जाई. चार पावले मागे हटला की सारा फड दिसू लागे. प्रकाशाचा घेर लहानमोठा करण्याची ही बहुधा सर्वांत जुनी रीत. त्यासाठी माणसाने पुढेमागे चालायचे, एवढेच.

२/
रंगभूमीवरील प्रकाशाचा इतिहास सहसा ‘उजेड किती’ या अंगाने सांगितला जातो. तेल, गॅस, वीज, हॅलोजन, एलईडी अशी चढती पायरी. या धाग्याचा मुद्दा निराळा आहे. उजेड किती हा प्रश्न फार लवकर सुटला. त्या उजेडाचा घेर प्रयोग चालू असताना कोणी, किती दुरून बदलायचा, हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे रेंगाळला. पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास अशा उपनगरी नाट्यगृहांत होणाऱ्या नाटकांपुरता तर तो आजही पुरता सुटलेला नाही.

३/
रंगमंचावरच्या दिव्याचे चार गुण: तो कुठे पाहतो, किती प्रखर आहे, त्याचा रंग कोणता आणि त्याच्या झोताचा घेर किती. यांपैकी प्रखरता सर्वांत आधी दूरच्या हाताला वश झाली. एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या नाट्यगृहांत एका जागी बसवलेल्या कळी फिरवून साऱ्या मंचाचा उजेड मंद करता येई. पुढे विजेचे डिमर आले नि तेच काम तारेवरून होऊ लागले. घेर मात्र दिव्याच्याच अंगाशी राहिला. तो बदलायचा तर दिव्यापर्यंत हात पोहोचलाच पाहिजे.

४/
असे का? त्यासाठी दिव्याच्या पोटात डोकवावे लागते. मंचावर दोन जातींचे दिवे प्रामुख्याने दिसतात. पहिला फ्रेनेल. ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच पदार्थविज्ञकाने दीपस्तंभासाठी घडवलेल्या, वर्तुळाकार पायऱ्यांच्या भिंगावरून त्याचे नाव पडले. ते भिंग १८२३ मध्ये कॉर्दुआँच्या दीपस्तंभावर चढले आणि पुढे शतकभराने नाट्यगृहात उतरले. त्यात बल्ब आणि आरसा एका सरकत्या पट्टीवर असतात. ते भिंगाजवळ नेले की झोत पसरतो, दूर नेले की आवळतो. दुसरा प्रोफाइल स्पॉट. त्याची कड रेखीव असते आणि त्यात आयरिस बसवता येते.

आयरिस म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या पातळ धातूच्या पाकळ्यांचे कडे. बाहेरची दांडी फिरवली की पाकळ्या मिटतात आणि मधले छिद्र बारीक होते. डोळ्याची बाहुली उन्हात जशी आक्रसते तशीच ही रचना, म्हणून नावही तेच. हॅलोजनच्या धगीने या पाकळ्या वाकतात, अडकतात, आणि अडकायच्या त्या नेमक्या प्रयोगातच अडकतात.

५/
घेर लहान करण्याच्या या दोन रीती दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा हिशेब निराळा आहे. ४ मीटर व्यासाचे वर्तुळ आयरिसने २ मीटरवर आणले, तर क्षेत्रफळ चौथाईवर येते. उरलेला तीन चतुर्थांश प्रकाश पाकळ्यांवर आपटून वाया जातो आणि नटाच्या चेहऱ्यावरची प्रखरता होती तेवढीच राहते. भिंगाने, म्हणजे झूमने, तेच वर्तुळ आवळले तर बराचसा तोच प्रकाश चौथाई जागेत कोंबला जातो, आणि चेहरा सुमारे चौपट उजळतो.

म्हणजे झूम आवळताना डिमर त्याच वेळी खाली आणावा लागतो. जुन्या हॅलोजनचा डिमर खाली आणला की उजेड तांबूस होतो. साध्या घेर बदलण्यातून नटाच्या कातडीचा रंग बदलतो तो असा. एलईडीमध्ये ही अडचण जवळजवळ उरत नाही, आणि एलईडीचे खरे देणे विजेच्या बिलापेक्षा इथे अधिक आहे.

६/
आता जगाकडे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १८३७ मध्ये चुन्याचा खडा प्राणवायू-उद्जनाच्या ज्योतीत तापवून तयार केलेला झळाळता उजेड वापरला गेला. ‘लाइमलाइट’ तो हाच. प्रत्येक दिव्यामागे माणूस उभा असे, कारण खडा सतत फिरवावा लागे, आणि तोच माणूस झोत नटामागून फिरवी. १९०६ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एडमंड सोलबर्ग यांनी दूरनियंत्रित स्पॉटची रचना मांडली. दिवा कार्बन आर्कचा, आणि तो वळवणे, झुकवणे, त्याचा घेर बदलणे हे सारे दोऱ्यांनी. मोटर नाही, विद्युत्कळ नाही; बाहुलीवाल्याच्या बोटांसारखे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सेंच्युरी लायटिंग या अमेरिकी कंपनीचे लुई एर्हार्ट यांनी मोटरवर चालणारी आयरिस बसवली. मग १९८१ च्या सप्टेंबरात बार्सिलोना येथे ‘जेनेसिस’ या रॉक चमूच्या मैफिलीत व्हॅरी-लाइटचे फिरते दिवे अवतरले, आणि १९८६ मध्ये डीएमएक्स ५१२ या संकेतप्रणालीने निरनिराळ्या कंपन्यांच्या दिव्यांना एका भाषेत बोलायला लावले.

७/
लोकप्रिय इतिहास बार्सिलोनापासून सुरू होतो. ‘फिरता दिवा रॉक संगीताने दिला’ हे वाक्य आकर्षक असले तरी अर्धवट आहे. सोलबर्ग यांच्या दोऱ्या त्याआधी ७५ वर्षांच्या. शोध कोणाचा यापेक्षा तो कोणाला परवडला, हे बार्सिलोनाने ठरवले. अवाढव्य मैदान, प्रचंड तिकीटविक्री आणि ट्रकभर सामान नेण्याची ऐपत. दूरनियंत्रणाचा विकास त्या ऐपतीच्या गरजांनी घडला. म्हणूनच दिव्याला गरगर फिरवण्यावर एवढा पैसा खर्च झाला आणि घेराच्या सूक्ष्म, संथ, अबोल बदलावर त्या मानाने कमी.

८/
मराठी रंगभूमीची गोष्ट दुसऱ्या वाटेने गेली. संगीत नाटकांच्या काळात मंचाच्या कडेला पायदिव्यांची रांग असे. नटाने त्या रांगेजवळ येऊन गायचे, म्हणजे तोंड दिसे. दशावतारात आणि तमाशात गॅसबत्ती आली, तिथेही तेच. उजेडाचा घेर अढळ, नटाने त्यात यायचे. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि खऱ्या घरासारखे घर मंचावर उभे राहिले. मग त्या घरातला कोपरा, खिडकी, संध्याकाळ हे प्रश्न आले. आता उजेडाने नटाकडे जायचे होते.

पूर्वेकडे तापस सेन हे काम कुठपर्यंत नेऊ शकतात, ते १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात दिसले. उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये खाणीत पाणी चढत जाते आणि कामगार बुडतात. मंचावर पाण्याचा थेंब नव्हता. होता तो प्रकाश. पण हे लक्षात ठेवले पाहिजे की ते नाटक एका थिएटरात ठाण मांडून चालले होते. दिवे रोज उतरवायचे नव्हते.

९/
मराठी व्यावसायिक नाटकाला ठाण मांडून बसण्याची चैन क्वचितच लाभली. ते दौऱ्याचे नाटक. आज दादरच्या शिवाजी मंदिरात, उद्या पार्ल्यात, परवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात. प्रायोगिक रंगभूमीनेही या दारिद्र्यावर निराळे उपाय शोधले. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत आठवावी. ती भिंत सरकते, वाकते, फुटते, आणि मंच क्षणात मोठा किंवा चिंचोळा होतो. नृत्य-संगीताच्या अंगाने तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. प्रकाशयोजनेच्या अंगाने पाहिले तर घेर बदलण्याचे ते माणसांनी घडवलेले यंत्रच आहे. छबिलदासच्या हॉलमध्ये वाढलेल्या पिढीने अवकाश असा देहांनी आखला, कारण दिव्यांनी आखण्याची सोय हाताशी नव्हती. गरजेतून शैली जन्मली हे खरे. मात्र त्या गरजेचेच पुढे गोडवे गायले जातात, ते पटण्यासारखे नाही.

१०/
गिरगाव आणि दादरमधला मराठी मध्यमवर्ग पार्ले, बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकला आणि त्याच्यामागून नाटकही लोकलच्या रुळांवरून उत्तरेला गेले. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती नाटकाचा प्रेक्षकही मोठा. त्यामुळे एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवशी, दोन भाषांची, दोन ठेवणींची नाटके एका मंचावर येतात.

जुहूला पृथ्वी थिएटर उभे राहिले ते १९७८ मध्ये. सुमारे २०० आसने आणि प्रेक्षक मंचाच्या तीन बाजूंना. तिथे घेराचा प्रश्न आणखी अवघड होतो. समोरून टाकलेला झोत हातभर जरी सैल राहिला तरी तो पलीकडच्या प्रेक्षकाच्या मांडीवर पडतो. प्रोसेनियमच्या चौकटीत सांडलेला उजेड नेपथ्यावर जिरतो. पृथ्वीत तो माणसावर पडतो, आणि मग सगळे नट सोडून त्या माणसाकडे पाहू लागतात.

११/
आता या धाग्याचा मुख्य हिशेब. शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात. एकाच नाट्यगृहात दुपारी ४ ला एक नाटक, रात्री ८ किंवा साडेआठला दुसरे. कधी सकाळीही एक. अडीच तासांचे दुपारचे नाटक साडेसहा-सातला संपते. प्रेक्षक बाहेर पडायचे, पहिले नेपथ्य उतरून टेम्पोत जायचे, दुसरे चढून उभे राहायचे, ध्वनी तपासायचा, नटांनी मंच चालून पाहायचा, आणि पहिली घंटा व्हायची. या सगळ्यातून दिव्यांच्या वाट्याला किती वेळ उरतो? बहुधा अर्धा-पाऊण तास, आणि तोही नेपथ्यवाल्यांच्या हातोड्या चुकवत.

त्या वेळात शिडी लावायची, बारवर टांगलेल्या प्रत्येक दिव्याशी जायचे, तापलेल्या दिव्याची पट्टी सरकवून घेर लावायचा, खाली उभ्या माणसाने ‘अजून जरा आवळ’ म्हणायचे, मग शिडी दोन हात सरकवायची. एका दिव्याला तीन मिनिटे धरली तरी वीस दिव्यांना तास लागतो. तो तास कोणाकडेच नसतो.

१२/
परिणाम प्रेक्षकाला ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही. ‘आपल्या व्यावसायिक नाटकाचे लाइट्स सपाट असतात’ ही तक्रार जुनी आहे. सगळा मंच भरून टाकणारा सर्वसाधारण उजेड, वर एकदोन ठळक झोत, शेवटी ब्लॅक आऊट. यावर टीका करणारे योजनाकाराच्या कल्पनाशक्तीला दोष देतात, आणि तो दोष बहुतांशी चुकीच्या पत्त्यावर जातो. प्रदीप मुळ्ये, शीतल तळपदे यांसारखी नावे ज्या रंगभूमीने दिली तिच्याकडे दृष्टी नव्हती असे कसे म्हणावे? जे पाऊण तासात लावता येईल आणि पुढच्या नाट्यगृहात पुन्हा तसेच लावता येईल तेवढेच टिकते. सैल, रुंद झोत सगळीकडे जमतो. नेमका, आवळलेला झोत दीनानाथला लावला तर प्रबोधनकारमध्ये बारची उंची निराळी, अंतर निराळे. तो तिथे नटाच्या कानाशेजारून जातो. मराठी नाटकाच्या ‘सपाट’ प्रकाशाचे सौंदर्यशास्त्र पुष्कळ अंशी शिडीने ठरवले आहे.

१३/
या व्यवस्थेत घेर खरोखर चालू प्रयोगात बदलणारा एकच माणूस असे: स्पॉटवाला. प्रेक्षागृहाच्या मागे किंवा बाल्कनीत, तिपाईवरच्या तापलेल्या नळकांड्यामागे उभा. एका हाताने झोत नटामागून न्यायचा, दुसऱ्या हाताने आयरिस. नट स्वगताला थबकला की कंबरेपासून छातीपर्यंत, छातीपासून चेहऱ्यापर्यंत घेर मिटत न्यायचा. नटाचा श्वास पाहून. एखाद्या रात्री नट वाक्य लांबवतो, एखाद्या रात्री गिळतो, आणि स्पॉटवाला त्याच्याबरोबर लांबवतो किंवा गिळतो. टेंभेवाल्याचा हा थेट वंशज. पाऊल टाकण्याऐवजी तो दांडी फिरवतो, एवढाच फरक.

जाहिरातीत ‘प्रकाशयोजना’ या शब्दापुढे एक नाव येते. दांडी फिरवणाऱ्याचे येत नाही. नाट्यसंस्थांचे इतिहास, नटांची आत्मचरित्रे, नाट्यसंमेलनांचे अहवाल यांत पडदे रंगवणारे भेटतात, ऑर्गनवादक भेटतात. आयरिस फिरवणारा हात शोधून सापडणे कठीण.

१४/
मग दूरनियंत्रित घेराला विरोध करावा काय, त्या हाताची आठवण म्हणून? नाही. शिडीवरच्या माणसाचा विचार केला तर हा प्रश्नच उरत नाही. मोटरवर चालणारे झूम असलेला दिवा एकदा टांगला की घेर पॅनेलवरून लागतो, नोंदवला जातो आणि दुपारचे नाटक उतरून रात्रीचे चढताना काही सेकंदांत बदलतो. उंच बारवर चढउतार करण्याचा धोका कमी होतो. पाऊण तासात वीस दिवे लागतात.

म्हणूनच उपनगरी नाट्यगृहांसाठी दिवे घेताना क्रम उलटा लावावा, असे या धाग्याचे स्पष्ट मत आहे. गरगर फिरणारे, रंगीबेरंगी दिवे पुरस्कारसोहळ्यांना शोभतात आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात उठून दिसतात. संवादप्रधान नाटकाला त्यांचा उपयोग थोडा. त्याला हवे असते ते जागेवरच राहणारे, पण घेर दुरून बदलणारे साधे एलईडी फ्रेनेल. फिरण्याआधी मिटता आले पाहिजे.

१५/
आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला आवाजाचा. मोटर कुरकुरते, थंडाव्याचा पंखा घोंघावतो. रॉक मैफिलीत ते कोणाला ऐकू येणार? २०० आसनांच्या नाट्यगृहात, नटी कुजबुजत असताना, शेवटच्या रांगेलाही ऐकू येते. म्हणून दिवा निवडताना तो किती उजळतो याआधी तो किती गप्प राहतो हे पाहावे लागेल.

दुसरा बारकाव्याचा, आणि तो कमी बोलला जातो. डीएमएक्सच्या एका चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. १० अंशांपासून ५० अंशांपर्यंत उघडणारा दिवा ८ मीटरवरून टाकला तर वर्तुळ साधारण १.४ मीटरपासून ७.५ मीटरपर्यंत वाढते. हा सहा मीटरचा प्रवास २५५ पायऱ्यांत वाटला की एका पायरीला सरासरी अडीच सेंटिमीटर येतात. मिनिटभराच्या संथ मिटण्यात सेकंदाला चार हिसके. कड रेखीव असेल तर ते डोळ्यांना टोचतात. दोन चॅनेल जोडून पायऱ्या ६५,५३६ केल्या की हिसके विरतात, पण ती सोय दिव्यात आधी असावी लागते. स्पॉटवाल्याच्या मनगटात ती उपजत होती.

तिसरा देखभालीचा. समुद्रकाठची दमट हवा, पावसाळा आणि वर्षभराची धूळ यांत पट्टे नि स्क्रू जाम होतात. दिवा विकत घेण्याच्या दिवशीच त्याच्या दुरुस्तीचा माणूस ठरला पाहिजे. नाहीतर दोन पावसाळ्यांत तो एकाच घेरावर अडकतो आणि पुन्हा शिडी येते.

१६/
आणि फॉलो स्पॉट? तो यंत्राच्या हवाली करू नये. पॅनेलमधला घेर ठरलेल्या वेळेला मिटतो. रविवारच्या रात्री, हाऊसफुल्ल गर्दीसमोर नटाने घेतलेला जास्तीचा विराम त्याला कळत नाही. खोलीतला कोपरा, खिडकीची संध्याकाळ, दोन प्रसंगांमधला बदल हे सारे दुरून, नोंदवून, शांतपणे करावे. नटाच्या श्वासामागून जाणारे एक वर्तुळ मात्र माणसाच्या हाती असू द्यावे, आणि त्या माणसाचे नाव जाहिरातीत छापावे.

१७/
हॅलोजनचे फॉलो स्पॉट आता झपाट्याने उतरवले जात आहेत आणि ते चालवणारी पिढी निवृत्त होत आहे. हा धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात, चाळीत, सोसायटीत असा कोणी असेल त्यांनी एखाद्या दुपारी त्यांच्यापाशी बसून ध्वनिमुद्रण करून ठेवावे. आयरिस कोणत्या हाताने फिरवत? पाकळ्या अडकल्या की काय करत, पुठ्ठ्याला भोक पाडून समोर धरत का? कोणत्या नटाबरोबर घेर मिटवणे सर्वांत अवघड होते, आणि तो नट विराम घेणार हे त्यांना आधी कशावरून समजे?